फोन नक्की कुणाचा होता? कॉलर आयडी, फॉरवर्डिंग आणि माझी नोंदवही

परवा मुलाखतींची जुनी नोंदवही पुन्हा चाळत होते. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, माझा प्रबंध अमेरिकेतल्या टेलिफोन एक्सचेंजांमध्ये आयुष्य घालवलेल्या तंत्रज्ञांवर आहे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी बऱ्याच निवृत्त तंत्रज्ञांना टपालाने पत्रं पाठवली. माणसं पंच्याहत्तर-ऐंशीची, ईमेलपेक्षा फोन बरा वाटणारी. पत्राखाली स्वतःचा मोबाइल नंबर द्यायची इच्छा नव्हती, म्हणून एका इंटरनेट फोन सेवेकडून वेगळा नंबर घेतला आणि त्यावर येणारा प्रत्येक फोन मोबाइलवर वळवला. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

पुढच्या काही महिन्यांत मोबाइलच्या यादीत एकोणीस न उचललेले फोन असे जमा झाले, ज्यांच्यापुढे माझाच तो इंटरनेट नंबर दिसत होता. म्हणजे मीच मला फोन केल्यासारखं. आपलाच नंबर दाखवून येणारे फोन फसवणुकीचे असतात असं ऐकून होते, त्यामुळे मी ते सरळ सोडून दिले. मग एक दिवस पेनसिल्व्हेनियातून एक पत्र आलं. वळणदार, थोडं थरथरलेलं अक्षर. तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस आणि परतही केला नाहीस, तेव्हा तुझा विचार बदलला असेल असं समजलो. मधल्या काळात लहान घरात राहायला आलो आणि प्रशिक्षणाच्या वह्या, तारांच्या जोडणीच्या चिठ्ठ्या असलेली दोन खोकी रद्दीत दिली, असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. त्यामुळे जास्तच लागलं.

माझ्या गाइडना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं: 'पडद्यावरचा नंबर तू कुठलं साधन म्हणून वाचत होतीस?' तेव्हा मला तो प्रश्न थोडा निर्दय वाटला होता. आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करताहेत किंवा नुकती नोंदणी करून साधनं गोळा करायला लागलेत, त्यांना फोनच्या पडद्यावरचा नंबर हे ऐतिहासिक साधन वाटणार नाही. मलाही वाटत नव्हतं. पण तो एक दस्तऐवज आहे. तो कुणीतरी लिहितं, कुणीतरी पुढे नेतं, आणि वाटेत त्यातला मजकूर बदलतो किंवा गळतो.

सुरुवात तारेपासून करू. जुन्या यांत्रिक एक्सचेंजमध्ये तुमचा नंबर म्हणजे तुमच्या घरून आलेली तांब्याची एक जोडी. ती जोडी एक्सचेंजमध्ये कुठल्या जागी येते ते ठरलेलं. गंमत अशी की 'स्टेप बाय स्टेप' पद्धतीच्या एक्सचेंजला फोन लावणाऱ्याचा नंबर कळतच नसे. तुम्ही डायल फिरवलीत की एकेक स्विच हलायचा आणि पलीकडची घंटा वाजायची. कोण लावतंय याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हतं. धमकीचा फोन आला आणि पोलिसांनी शोध घ्यायला सांगितलं, तर तंत्रज्ञ रांगांमधून पळत, कुठला स्विच कुठल्या पायरीवर थांबलाय ते डोळ्यांनी बघत उलट दिशेने मागे जायचे. फोन चालू असेपर्यंतच हे शक्य होतं. सिनेमात पोलीस 'त्याला बोलत ठेवा' असं का सांगतात, ते मला एका मुलाखतीत कळलं. पण शोध लागला की तो पक्का असायचा, कारण शेवटी हाताला तार लागायची. खोटी तार कुठून आणणार?

यंत्राला नंबर कळायची पहिली गरज निर्माण झाली ती पैशांसाठी. लांब पल्ल्याचे फोन लोक स्वतः लावू लागले, तेव्हा बिल कुणाच्या नावे फाडायचं हे ऑपरेटरला न विचारता समजायला हवं होतं. त्यासाठी जी व्यवस्था झाली ती एएनआय, म्हणजे नंबराची आपोआप ओळख. ही ओळख एक्सचेंज ते एक्सचेंज जायची, ग्राहकाला दिसायची नाही. हा धागा लक्षात ठेवा: हिशोबासाठी पाठवलेला नंबर आणि तुमच्या पडद्यावर दिसणारा नंबर या पहिल्यापासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हे वेळेत कळलं असतं तर निदान एक खोकं वाचलं असतं.

आता कालक्रम बघा. कॉल फॉरवर्डिंग हे कॉलर आयडीपेक्षा वयाने मोठं आहे, हे वाचून मी चकित झाले होते. १९६५ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या सुकासुना या गावी बेल कंपनीचं १ ईएसएस हे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज सुरू झालं. तारांच्या जोडण्यांऐवजी साठवलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं एक्सचेंज असल्यामुळे त्याला नव्या युक्त्या शिकवता येत होत्या. थोड्या आकड्यांत ठरलेला नंबर लावणं, तिघांनी एकत्र बोलणं आणि आलेला फोन दुसरीकडे वळवणं या त्यांतल्याच. ग्राहक एक संकेत फिरवून नवा नंबर द्यायचा, की एक्सचेंज त्याच्याकडे आलेला फोन घेऊन स्वतःच दुसरा फोन लावायचं.

म्हणजे 'फोन कुठून आला' या प्रश्नाला १९६५ पासूनच दोन उत्तरं होती: मूळ लावणारा एक, आणि वळवणारा दुसरा. फक्त तेव्हा कुणालाच पडदा नव्हता, म्हणून प्रश्न कुणाला पडला नाही.

पडदा आला तो वीसेक वर्षांनी. थिओडोर पारास्केवाकोस आणि काझुओ हाशिमोतो यांची नावं या शोधाच्या आधीच्या टप्प्यांत येतात, पण घराघरात पोचलेल्या पद्धतीत बेल लॅब्जच्या कॅरोलिन डाउटी यांच्या १९८६ च्या पेटंटचा मोठा वाटा आहे. कल्पना साधी आणि देखणी: पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मध्ये जी शांतता असते, तेवढ्यात एक्सचेंजने नंबर सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने आवाजाच्या रूपात पाठवून द्यायचा. म्हणून तर तुम्ही पहिल्याच घंटेला घाईने फोन उचललात की नंबर दिसायचा नाही. न्यू जर्सीत १९८० च्या दशकाच्या शेवटी ही सेवा विकायला लागले, आणि मग भांडण पेटलं.

ते भांडण कशावरून झालं हे नीट बघा. बायकांच्या आश्रयगृहांचं म्हणणं, इथून फोन केलेल्या बाईचा ठावठिकाणा तिच्या नवऱ्याला कळेल. टेलिफोन कंपन्यांचं म्हणणं, घाणेरडे फोन करणारे आता पकडले जातील. नागरी हक्कवाले म्हणाले, माझा नंबर माझ्या परवानगीशिवाय दाखवणारे तुम्ही कोण? पेनसिल्व्हेनियात प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९९२ मध्ये न्यायालयाने ही सेवा राज्याच्या फोन-टॅपिंगविरोधी कायद्यात बसत नाही असं ठरवलं. पुढे एफसीसीने, म्हणजे तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने, देशभरासाठी नियम केले. १ डिसेंबर १९९५ पासून ते लागू झाले. स्टार ६७ फिरवून नंबर लपवायची सोय सगळ्यांना मिळाली. एएनआय मात्र त्यानेही लपत नाही. ८०० च्या फुकट क्रमांकावर फोन केलात तर पैसे पलीकडचा भरतो, म्हणून नंबर त्याला कळतोच.

या वादाचे कागद वाचताना मी जवळजवळ दोन महिने घालवले. वाद सगळा 'नंबर दाखवावा की दाखवू नये' याभोवती फिरतो. 'दाखवलेला नंबर खरा कशावरून?' हा प्रश्न मला त्या कागदांत ठळकपणे कुठेच भेटला नाही. नंबर म्हणजे तार, हे सगळ्या पक्षांनी इतकं गृहीत धरलं होतं की त्यावर भांडायचं कुणाला सुचलं नाही. तुम्ही जुने वाद वाचाल तेव्हा दोन्ही बाजूंचं ज्यावर एकमत आहे तिथे जरूर थांबा. माझ्या अनुभवात प्रबंधाचं प्रकरण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

खरं तर तंत्रज्ञांना ही शंका होती. पुरावा एका अगदी छोट्या जागी आहे. एक्सचेंजांनी आपसांत बोलण्यासाठी एसएस७ नावाची वेगळी संदेशव्यवस्था वापरायला सुरुवात केली होती. त्यात फोन लावताना जो पहिला संदेश जातो त्यात लावणाऱ्याचा नंबर असतो, तो दाखवायचा की नाही याची खूण असते, आणि सोबत दोन बिटांची आणखी एक खूण असते: हा नंबर नेटवर्कने स्वतः दिला, की ग्राहकाने दिला, ग्राहकाने दिला असेल तर तपासला का, आणि तपासात पास झाला की नापास. मोठ्या कचेऱ्यांमध्ये स्वतःचं छोटं एक्सचेंज, म्हणजे पीबीएक्स, असायचं आणि ते स्वतः नंबर सांगू शकायचं, म्हणून ही तरतूद. इथे मात्र सगळी गोम आहे. ती दोन बिटं तुमच्या घरच्या पडद्यापर्यंत कधी आलीच नाहीत. घंटेच्या मधल्या संदेशात तारीख, वेळ, नंबर, नाव आणि नंबर नसेल तर त्याचं कारण यांना जागा होती. 'तपासलेलं नाही' हे लिहायला जागाच ठेवली नव्हती.

(नावाचंही असंच. अमेरिकेत लावणाऱ्याचं नाव फोनसोबत प्रवास करत नाही. पलीकडची कंपनी नंबर घेऊन एका डेटाबेसमध्ये शोधते आणि पंधरा अक्षरांत जे सापडेल ते दाखवते. नंबर खोटा असेल तर नाव खऱ्याचं दिसतं. खोट्याला खऱ्याचा दाखला यंत्रच देऊन टाकतं.)

ही व्यवस्था चालली कारण मंडळी मोजकी होती. १९८४ मध्ये बेल कंपनीचे तुकडे झाले, १९९६ च्या कायद्याने स्थानिक फोनसेवेत नवे खेळाडू आले, आणि त्याच सुमारास इंटरनेटवरून बोलण्याची भाषा तयार होत होती. तिचं नाव सिप. पहिला मसुदा पक्का झाला मार्च १९९९ मध्ये, आज आधार मानला जातो तो आरएफसी ३२६१ आला जून २००२ मध्ये. सिपमध्ये फोन लावणं म्हणजे एक मजकूर पाठवणं, आणि त्या मजकुरात 'कडून' अशी एक ओळ. आपल्या आंतरदेशीय पत्रामागे 'प्रेषक' लिहायची जागा असायची ना, तशी. पोस्टमन काही प्रेषकाचं घर बघून येत नाही. १९९९ मध्येच अलाबामातल्या मार्क स्पेन्सर यांनी अ‍ॅस्टेरिस्क हे फुकट पीबीएक्स सॉफ्टवेअर लिहिलं. ज्या गोष्टीसाठी पूर्वी महागडं यंत्र आणि खास लाइन लागायची, ती आता घरच्या संगणकावर एका ओळीत होऊ लागली. नोव्हेंबर २००२ च्या आरएफसी ३३२५ मध्ये नेटवर्कने ठामपणे सांगितलेल्या ओळखीसाठी वेगळी ओळ आली, पण ती फक्त एकमेकांवर विश्वास असलेल्या कंपन्यांच्या वर्तुळात चालेल असं त्यातच लिहिलं आहे. वर्तुळाबाहेर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

तार सुटली म्हणजे काय झालं, हे लोकांना पहिल्यांदा अंगावर काटा येईल अशा रीतीने कळलं ते खोट्या नंबरांमुळे नव्हे. २००५ च्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये एका घरात सशस्त्र चोर शिरले आणि घरातून ९११ ला लावलेला फोन मदतीपर्यंत पोचलाच नाही, कारण तो इंटरनेट फोन होता. त्याच वर्षी १९ मे रोजी एफसीसीने इंटरनेट फोन कंपन्यांना १२० दिवसांत ९११ ची सोय करायचा आदेश दिला. उपाय काय होता? ग्राहकाने आपला पत्ता स्वतः नोंदवायचा. जे पूर्वी तारेतून कळायचं, ते आता ग्राहकाच्या शब्दावर.

खोटे नंबर दाखवायची सेवा याच काळात, २००४-०५ मध्ये, उघडपणे पैसे घेऊन मिळू लागली. काँग्रेसने कायदा केला, २२ डिसेंबर २०१० रोजी त्यावर सही झाली. पण त्याने वेगळा नंबर दाखवायला सरसकट बंदी घातली नाही; फसवण्याचा, इजा करण्याचा किंवा काही लुबाडण्याचा हेतू असेल तरच तो गुन्हा. कारण घरून फोन करणारी डॉक्टर दवाखान्याचा नंबर दाखवते, त्यात गैर काहीच नाही. आणि फॉरवर्डिंग? तिथे तर प्रामाणिक माणूसच रोज दुसऱ्याचा नंबर दाखवतो.

हे शांतपणे बघू, कारण माझी चूक नेमकी इथे आहे. क ने ख ला फोन केला, ख ने तो ग कडे वळवला. ग च्या पडद्यावर कुणाचा नंबर हवा? आपण म्हणू, क चा. म्हणजे ख च्या कंपनीला असा नंबर दाखवून फोन लावावा लागतो, जो तिच्या ग्राहकाचा नाही. पुढच्या कंपनीच्या नजरेतून हे आणि फसवणूक अगदी सारखंच दिसतं. म्हणून कित्येक कंपन्या स्वतःच्या ग्राहकाचा नसलेला नंबर पुढे जाऊच देत नाहीत. मग फोन एकतर तुटतो, नाहीतर ख चा नंबर लावून पुढे जातो. माझ्या एकोणीस फोनांचं असं झालं होतं: क म्हणजे ते आजोबा, ख आणि ग दोन्ही मीच. फसवणूक थांबवायला घातलेल्या कुंपणात खरा माणूस अडकला.

'वळवून आलाय' हे सांगायची सोय नव्हती असं नाही. जुन्या एसएस७ मध्ये वळवणाऱ्याचा नंबर, वळवण्याचं कारण आणि कितीदा वळवला ते लिहायला जागा होती. सिपमध्ये तर त्यासाठी दोन वेगवेगळ्या ओळी निघाल्या, 'डायव्हर्जन' आणि 'हिस्टरी-इन्फो'. इथे तुमच्यासाठी एक सापळा आहे. हिस्टरी-इन्फोचा आरएफसी ४२४४ नोव्हेंबर २००५ चा. डायव्हर्जनचा आरएफसी ५८०६ मार्च २०१० चा, आणि त्यावर शिक्का 'ऐतिहासिक'. क्रमांक आणि शिक्का बघून तुम्ही लिहाल की डायव्हर्जन नंतर आलं आणि जन्मतःच बाद झालं. उलट आहे. ते मसुद्याच्या रूपात कितीतरी आधीपासून यंत्रांमध्ये चालत होतं, अधिकृत मान्यता मिळाली नाही, आणि वापरातच आहे तर निदान नोंद असावी म्हणून २०१० मध्ये छापलं गेलं. मी पहिल्या मसुद्यात ही चूक केली होती. मानकाची तारीख ही छापण्याची तारीख असते. वापर कधी सुरू झाला ते वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं.

पुढचा टप्पा सहीचा. स्टर आणि शेकन अशी नावं, जेम्स बाँडच्या पेयावरून ओढूनताणून बसवलेली (इंजिनिअर लोकांचे विनोद असेच). फोन जिथून निघतो ती कंपनी डिजिटल सही करून सांगते: ग्राहक आमचा आणि नंबरही त्याचा, तर 'ए', ग्राहक ओळखीचा पण नंबराची खात्री नाही, तर 'बी', फोन आमच्या दारातून फक्त आत आला, तर 'सी'. ३० डिसेंबर २०१९ च्या कायद्याने हे सक्तीचं केलं आणि मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ ची मुदत मिळाली. पण ही सही इंटरनेटच्या वाटेवरच टिकते. मध्ये एखादा जुन्या पद्धतीचा टप्पा आला की गळून पडते.

आणि फॉरवर्डिंग पुन्हा आडवं आलं. सहीच्या मजकुरात फोन कुणाला लावला तो नंबरही असतो. क ने ख ला लावला अशी सही, आणि फोन पोचला ग कडे. सही खरी, तरी मजकूर जुळत नाही. यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे मुदतीच्या जेमतेम चार महिने आधी, आरएफसी ८९४६ आला: वळवणाऱ्याने जुन्या सहीला जोडून आपली नवी सही करायची. तसं न करता वळवणारी कंपनी स्वतःपुरतीच सही करते तेव्हा 'बी' किंवा 'सी' मिळतो. 'सी' म्हणजे खोटा नव्हे. आणि रीतसर नंबर विकत घेतलेल्या ठगाला 'ए' मिळू शकतो, कारण नंबर खरोखर त्याचाच असतो.

भारतात ही गोष्ट वेगळ्या दाराने आली. तिथे १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाने *४०१# सारखा संकेत फिरवून होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला लावलं. ठग लोकांकडून तो संकेत त्यांच्याच हाताने फिरवून घेत आणि बँकेचे ओटीपीचे फोन स्वतःकडे वळवत. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे फोन अडवणारी केंद्रीय यंत्रणा सुरू झाली. तिची कल्पना जवळजवळ जुन्या तारेसारखी आहे: +९१ दाखवणारा फोन बाहेरून येतोय, तर तो मोबाइल खरंच देशाबाहेर रोमिंगवर आहे का, ते बघायचं. नंबर काय सांगतो ते बाजूला ठेवून माणूस कुठे असू शकतो हे तपासायचं.

माझ्या नोंदवहीत आता एका रकान्याचे तीन झालेत: पडद्यावर दिसलेला नंबर, सेवेच्या हिशोबाच्या नोंदीत सापडलेला नंबर, आणि बोलणाऱ्याने स्वतः सांगितलेलं नाव. हिशोबाच्या नोंदीत मूळ नंबर व्यवस्थित होता, पहिल्या दिवसापासून. एएनआयची ती जुनी गोष्ट. त्यावरून एकोणीसपैकी सोळा फोन कुणाचे ते लागलं. बाकीच्या तिघांच्या नोंदी मुदत संपून पुसल्या गेल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या आजोबांशी गेल्या महिन्यात दीड तास बोलले. वह्या नाहीत, पण स्टेप बाय स्टेपच्या रांगांतून मागे पळत जाण्याचं वर्णन वर केलं आहे ना, ते त्यांचंच. ते तीन फोन कुणाचे होते, ते शोधायला मी पुन्हा पत्रं पाठवली आहेत. या वेळी खाली मोबाइल नंबर दिला आहे.